कोकणात हॉस्पिटलचं इंटिरियर करताना: काम अंगावर घेणाऱ्या डिझायनरसाठी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही वीस खाटांच्या हॉस्पिटलचं काम करत होतो. गणपतीच्या आधी उद्घाटन व्हायलाच हवं, असा डॉक्टरांचा आग्रह होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर संततधार लागलेली असताना, आम्ही वॉर्डाच्या जमिनीवर विनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची, चादर अंथरली. उद्घाटन झालं, पेढे वाटले गेले, आणि गौरी गेल्या त्याच आठवड्यात जमिनीला फुगे आले. खाटेचं चाक फुग्यावर चढलं की सलाइनचा स्टँड डुलायचा. सांध्यांतून पाणी झिरपायचं, त्याला कुबट वास यायचा. शेवटी तापाच्या साथीच्या दिवसांत अर्धा वॉर्ड रिकामा करून सगळं उखडावं लागलं.

खालचा कोबा वाळलेला नाही हे मिस्त्रीला माहीत होतं, विनाइलवाल्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. डॉक्टरांसमोर बसून "तारीख पुढे ढकलू या" असं सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा त्रास आजारी माणसांना झाला, हे मला आजही बोचतं. हा लेख म्हणूनच लिहितो आहे. हॉस्पिटलच्या कामात प्रमुख डिझायनरने काय करायचं असतं? ज्याचा जो निर्णय आहे तो त्याच्याकडून वेळेत काढून घ्यायचा, लिहून ठेवायचा आणि चुकीच्या गोष्टीला वेळीच नाही म्हणायचं. बाकीचं कौशल्य त्याच्या नंतरचं.

पहिली पायरी: पाणी कुठवर येतं ते विचारा

काम हाती आलं की पहिल्या भेटीला रंगांचे नमुने नेऊ नका. टेप आणि वही न्या. जलसंपदा विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा त्या जागेपासून किती दूर आहे हे नकाशावर बघा. मग शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या तळमजल्यांचं काय झालं, हे त्या गावात कुणालाही विचारा. २००५ च्या जुलैची खूणही तिथल्या लोकांच्या लक्षात आहे.

ही उंची समजली की जनरेटर, मुख्य विजेचं पॅनेल, ऑक्सिजनची मॅनिफोल्ड खोली (जिथे सिलिंडर पाइपलाइनला जोडतात ती), यूपीएस, औषधांचा साठा आणि जुने केसपेपर यांतलं काहीही त्या खुणेच्या खाली ठेवायचं नाही. तळघरात जनरेटर बसवण्याचा मोह फार असतो, कारण तिथे आवाज लपतो. इथे मात्र वीज जाते तीच पावसाच्या रात्री, म्हणजे जनरेटर लागतो नेमका तेव्हाच पाणी चढत असतं. यावर डॉक्टरांशी वाद झाला तरी चालेल, पण पहिल्याच बैठकीत होऊ द्या.

किनाऱ्याजवळच्या जागेत वाऱ्याचाही विचार करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा पत्रे उडून गेलेली घरं सगळ्यांनी पाहिली. रुग्णाच्या उशाशी जमिनीपासून छतापर्यंत एकसंध काच लावायची असेल, तर ती फुटली तर काय, हा प्रश्न आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

दुसरी पायरी: ओपीडीत बसून राहा

चालू हॉस्पिटलचं नूतनीकरण असेल तर निदान तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी, नुसतं बसून राहा. नवीन असेल तर त्याच डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात बसा. सकाळच्या पहिल्या एसटीने वाडीवस्तीवरची माणसं येतात आणि ओपीडी उघडण्याआधीच दारात पंचवीस जण उभे असतात. शेवटची गाडी चुकू नये म्हणून दुपारनंतर सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पावसाळ्यात प्रत्येकाच्या हातात ओली छत्री असते. ती ठेवायला जागा नसेल तर ती पायाशी ठेवली जाते, तिचं पाणी लादीवरून वाहत जातं आणि त्यावरून एखादी म्हातारी घसरते. दाराशी खोल पडवी, छत्र्यांसाठी खाली पन्हळ असलेला स्टँड, चपलांची मांडणी आणि पाणी टिपणारी जाळी, एवढं केलं तरी आतली निम्मी घाण थांबते. आपल्या जुन्या घरांना पडवी होती ती उगीच नव्हती.

कुडाळ तालुक्यातल्या एका कामात मी खोल्यांचे नकाशे घेऊन वॉर्डात फिरत होतो. पलंगावरच्या आजींना नकाशा दाखवला. त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "माझो झील खंय बसतलो?" नकाशात खाट होती, लॉकर होता, वॉशबेसिन होतं; रात्रभर जागणाऱ्या मुलाला टेकायला जागा नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक कामात खाटेमागे नातेवाइकासाठी सहा फुटांचा बाक आम्ही धरतो. तो मिळवण्यासाठी एखादी खाट कमी करावी लागली तर तेही डॉक्टरांना सांगतो.

इमर्जन्सीच्या दाराचा विचार वेगळा करा. कोकणात सर्पदंश आणि विंचूदंश रात्री-अपरात्री येतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला, त्यामुळे वेळेत पोचलेली माणसं आज वाचतात. पोचायचं मात्र रिक्षातून, अंधारात, पावसात असतं. ते दार रस्त्यावरून दिसलं पाहिजे, त्याला एकही पायरी नको, आणि उताराचं प्रमाण १:१२ पेक्षा चढं नको. ऑगस्ट-सप्टेंबरात लेप्टो आणि डेंगीच्या तापाचे रुग्ण वाढतात, तेव्हा जादा खाटा कुठे लागतील हेही आत्ताच ठरवा आणि त्या जागी विजेचे व ऑक्सिजनचे पॉइंट काढून ठेवा. नंतर एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळतात.

तिसरी पायरी: निर्णयाची वही

मी एक साधी लांब वही ठेवतो. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर तीन गोष्टी: निर्णय कोणाचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय ठरलं. प्रत्येक प्रश्नापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की कोणीच ठरवत नाही.

या वहीत बसतात कोण? मालक डॉक्टर असतातच. पण हॉस्पिटल नवरा-बायको मिळून चालवत असतील तर मॅडमना पहिल्या बैठकीपासून बोलवा. लेबर रूमचा निर्णय त्यांचा असतो आणि तो डॉक्टर परस्पर सांगून टाकतात. इन्चार्ज सिस्टर हवी. वॉर्ड पुसणाऱ्या मावशी हव्यात. स्ट्रेचर ढकलणारे मामा हवेत. मावशी बैठकीत खुर्चीच्या कडेला बसतात आणि बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वॉर्डातच बोला, त्यांच्या हातात फडका असताना. कुठे पाणी साचतं, कुठला कोपरा पुसता येत नाही, कचऱ्याची पिवळी पिशवी कुठून न्यावी लागते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

काही प्रश्नांपुढे स्वतःचं नाव कधीही लिहू नका. क्ष-किरण खोलीचं संरक्षण, मेडिकल गॅसची पाइपलाइन, अग्निसुरक्षा, स्लॅबला भोक पाडणं, हे तुमचे निर्णय नाहीत. 'आर्किटेक्ट' हे बिरुद १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं, हेही आपल्या क्षेत्रातले कित्येक विसरतात. गॅलरीतली एक भिंत "नुसती पाडू या" म्हणणाऱ्या ठेकेदाराला थांबवून इंजिनिअरला फोन लावणं हेसुद्धा नेतृत्वच आहे.

नाही म्हणायची रीत मला उशिरा जमली. डॉक्टर हुशार असतात, त्यांना कारण लागतं. "हे चांगलं दिसणार नाही" असं म्हटलं की ते आपलंच खरं करतात. "असं केलं तर स्ट्रेचर वळणार नाही, उद्या सिझेरियनची बाई इथे अडकेल" असं म्हटलं की ऐकतात. त्यातूनही नाही ऐकलं, तर तुमचा सल्ला आणि त्यांचा निर्णय दोन्ही वहीत लिहून दोघांनी सही करायची. सहीची वेळ आली की बहुतेक जण पुन्हा एकदा विचार करतात.

चौथी पायरी: परवानग्यांचा क्रम

इथे थोडक्यात सांगतो, कारण कागदपत्रं डॉक्टरांच्या नावाने होतात. तुम्ही मात्र क्रम चुकू देऊ नका. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, अट पाहूनच खोली आखा. आपल्याकडे भिंत जांभ्याची असते. चिऱ्यांमधले सांधे पोकळ राहिले तर किरण तिथून निसटतात. म्हणून दोन्ही बाजूंनी गिलावा आणि यंत्र बसल्यावर किरणोत्सर्गाची मोजणी, दोन्हीचा आग्रह धरा. सोनोग्राफी खोलीची नोंदणी १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली होते, त्यामुळे मंजूर खोली सोडून मशीन मनाला येईल तिथे हलवता येत नाही. डिझाइन बदललंत तर डॉक्टर अडचणीत येतील. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार वर्ग असतात आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या खोलीला बाहेरून गाडी लागेल असं वेगळं दार द्या. शिवाय नर्सिंग होमची नोंदणी आणि अग्निशमनाचा दाखला आहेच. आंतररुग्ण विभागाचा कॉरिडॉर २.४ मीटर रुंद हवा. त्यात कपाट, कुंडी, पाण्याचा कूलर असं काहीही येणार नाही हे नकाशावरच लिहा.

पाचवी पायरी: खोली जमिनीवर मांडून बघा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. थ्रीडी चित्रं सगळ्यांना आवडतात आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. रिकाम्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात जागा मिळवा, चिकटपट्टीने एक खोली खऱ्या मापात जमिनीवर आखा, प्लायचे तुकडे उभे करून दारं दाखवा. खरी खाट आणा. खरं स्ट्रेचर आणा. मग सिस्टरना सांगा, "पेशंटला चक्कर आली आहे, बाथरूममध्ये पडलाय, बाहेर काढा."

पाच मिनिटांत सगळं कळतं. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसामुळे ते उघडतच नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दारच हवं. दोन खाटांमध्ये निदान एक मीटर मोकळा नसेल तर सिस्टर आडवी होऊन सलाइन लावते. हात धुवायचं बेसिन दारापासून खाटेकडे जाणाऱ्या वाटेवर हवं, पलीकडच्या कोपऱ्यात असेल तर धावपळीत कोणी तिकडे वळत नाही. नळ कोपराने उघडणारा हवा आणि त्याची धार थेट जाळीवर पडता कामा नये, नाहीतर सांडपाण्यातले जंतू शिंतोड्यांबरोबर उडतात. एकदा मामांनी स्ट्रेचर वळवताना त्यांची बोटं चौकटीला घासली. त्यांनी हात झटकला, बोलले काहीच नाहीत. आम्ही तिथल्या तिथे पट्टी उचलून चार इंच सरकवली. सिमेंटमध्ये ती चार इंचं मिळाली नसती.

मांडणी संपल्यावर सगळ्यांना चहा द्या आणि वही उघडा. लोक मोकळे झालेले असतात, खरं बोलतात.

सहावी पायरी: खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं

स्टेनलेस स्टील म्हटलं की गंजणार नाही, असा समज आहे. समुद्राजवळ ३०४ ग्रेडच्या नळीवर पहिल्याच पावसाळ्यानंतर तांबूस ठिपके दिसतात, आणि ते सुरू होतात वेल्डिंगपाशी. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं, क्षारांपुढे ते जास्त टिकतं. महाग आहे, म्हणून किनाऱ्याच्या बाजूचे रेलिंग, बाथरूमचे पकडबार आणि बाहेरची उपकरणं यांनाच वापरा. स्क्रूसुद्धा त्याच ग्रेडचे मागवा. मालवणच्या बाजूला एका कामात नळी उत्तम होती आणि स्क्रू बाजारातले साधे होते. दोन वर्षांत स्क्रूंची डोकी झिजली आणि पकडबार हाताखाली हलायला लागला.

लाकडी कामाला आयएस ७१० चं, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारं प्लाय. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड, नको. पश्चिमेच्या भिंतीला कपाट टेकवू नका. नैऋत्येचा पाऊस जांभ्याच्या भिंतीत मुरतो आणि मागे बुरशी धरते. दोन-तीन इंच फट ठेवा. मिनरल फायबरच्या छताच्या टाइल दमट हवेत पोट सोडतात, त्यापेक्षा धातूच्या किंवा कॅल्शियम सिलिकेटच्या बऱ्या. टाइलच्या सांध्यात इपॉक्सी ग्राउट. जमीन भिंतीला मिळते तिथे काटकोन न ठेवता गोलाई द्या, मावशींचा मॉप तिथे अडकत नाही.

पडद्यांचा विचार करताना धुलाईचाही करा. खाटांभोवतीचे पडदे आणि चादरी जुलैत वाळत नाहीत. ओलसर चादर पेशंटला देणं हा आजार वाढवण्याचा मार्ग आहे. कपडे वाळवायची बंदिस्त खोली, एक्झॉस्ट आणि ड्रायर यांना पहिल्या नकाशातच जागा द्या. बजेट कापताना सगळ्यात आधी हीच खोली जाते. तिच्यासाठी भांडा.

सातवी पायरी: हवा, उजेड, आवाज

१९८४ साली रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आपल्याकडे झाडं विकत आणावी लागत नाहीत. माड, आंबा, भाताचं खाचर खिडकीबाहेर असतंच, आणि आपण तिथे पार्किंगची शेड घालतो. पडून राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काय दिसतं ते खाटेवर स्वतः आडवं होऊन बघा आणि खिडकीची खालची कड त्यानुसार ठरवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा खेळायला हवी. समोरासमोर खिडक्या, वर झरोके आणि पाऊस आत न येऊ देणारे खोल छज्जे यांनी ते साधतं. सगळा वॉर्ड एसीत कोंडून दारं-खिडक्या बंद केल्या की इथली ओल भिंतीवर काळी बुरशी होऊन बाहेर येते. ऑपरेशन थिएटरची गोष्ट वेगळी. तिथे एनएबीएच या हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या निकषांप्रमाणे तासाला निदान २० वेळा हवा बदलणं, त्यातल्या ४ वेळा ताजी हवा, २१ अंशांच्या आसपास तापमान आणि ६० टक्क्यांपर्यंतच आर्द्रता अपेक्षित आहे. बाहेर पाऊस कोसळत असताना दोन स्प्लिट एसी लावून हे जमत नाही. एसीच्या सल्लागाराकडून ओल काढण्याचं गणित लेखी मागा.

नवजात बाळांच्या खोलीत भिंती आणि पडदे पिवळे नकोत. कावीळ ओळखताना त्वचेवर पिवळी झाक पडते आणि डोळा फसतो. दिवे रंग खरा दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे घ्या. आणि गच्चीवर गळती थांबवायला पत्र्याची शेड असेल तर तिच्या खालच्या मजल्यावर आयसीयू ठेवू नका. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ज्याने रात्रभर ऐकलाय त्याला कारण सांगायला नको.

आठवी पायरी: कामाचं पंचांग

शिमगा आणि गणपती या दोन सणांत इथला सुतार, गवंडी, प्लंबर कोणीही येत नाही, आणि त्यांनी यावं अशी अपेक्षाही करू नये. मे महिन्यात अनेक मजूर आंब्याच्या बागांत असतात. ओलं काम दिवाळीनंतर सुरू करा. रंग, विनाइल आणि लाकूडकाम फेब्रुवारी ते मे मध्ये संपवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात छत, गटारं आणि खिडक्यांचे सांधे यांच्यापलीकडे काही शिल्लक राहू नये.

विनाइल लावण्याआधी कोबा वाळला आहे का, हे बघायची साधी परीक्षा आहे. १८ इंच चौकोनी जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर घट्ट लावा आणि १६ तास तसाच ठेवा. उचलल्यावर आतून घाम आलेला असेल किंवा खालचा कोबा काळपट दिसत असेल, तर थांबा. प्रत्येक खोलीत दोन ठिकाणी करा, एक बाथरूमच्या भिंतीजवळ. तुकडा उचलताना डॉक्टरांना शेजारी उभं करा. त्या प्लॅस्टिकवरचे थेंब बघितल्यावर तारखेचा हट्ट कोणी धरत नाही.

चालू हॉस्पिटलमध्ये तोडफोड करायची असेल तर धुळीचा पडदा छतापर्यंत बंद करा आणि राडारोडा झाकूनच बाहेर न्या. बांधकामाच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात बसतात. ठेकेदाराच्या माणसांना हे एकदा सांगून भागत नाही. रोज सकाळी, काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना गोळा करा आणि आज कुठल्या वॉर्डशेजारी काम आहे ते सांगा. ही सकाळची सभा माझ्या टीममधली ज्युनिअर मुलगी घेते. सुरुवातीला मिस्त्री तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून उत्तरं द्यायचे. मी साइटवर उशिरा यायला लागलो, आणि दोन आठवड्यांत ते तिला विचारायला लागले.

नववी पायरी: ताबा, आणि पुढचा पावसाळा

ताबा देताना किल्ल्यांबरोबर एक पातळ वही द्या. कोणता पृष्ठभाग कशाने पुसायचा, विनाइलवर कोणतं द्रावण चालत नाही, कुठला व्हॉल्व्ह कुठली लाइन बंद करतो, हे मराठीत आणि चित्रांसह. ती वही डॉक्टरांच्या टेबलात पडून राहते, म्हणून तिची एक प्रत मावशींच्या खोलीत दारामागे टांगा.

करारातच लिहून ठेवा की पहिल्या पावसाळ्यानंतर तुम्ही एक अख्खा दिवस येऊन बघणार आहात, आणि त्या दिवसाचे पैसे आधीच धरा. मी ऑगस्टच्या शेवटी जातो. गेल्या खेपेला मावशींनी मला थेट बायकांच्या बाथरूमपाशी नेलं आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे गेलं, अर्ध्या वाटेत थांबलं आणि डाव्या कोपऱ्यात साचून राहिलं. "बघा," त्या म्हणाल्या, "रोज हे मी फडक्याने काढते." उतार पाव इंच कमी पडला होता. वहीत लिहिलं, पुढे माझं नाव आणि दसऱ्याच्या आधीची तारीख टाकली.